भाऊसाहेबांचं काय झालं? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. 1761 च्या पानिपतच्या लढाईत मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ मारले गेले, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन आहेत. लढाईची हकीकत लिहिणारा काशीराज हा अब्दालीच्या बाजूने लढलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याचा नोकर, म्हणून त्याची साक्ष शत्रुपक्षाची. रणात सापडलेलं, भाऊंचं म्हणून ओळखलेलं धड बिनमुंडक्याचं, म्हणून ओळख पटलीच नाही. आणि खुद्द भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी नवरा गेल्याचं अखेरपर्यंत मानलं नाही. तेव्हा 1776 मध्ये पुण्यात देहदंड दिलेला, स्वतःला भाऊ म्हणवणारा 'तोतया' खरा भाऊ असू शकतो, हे मी फार लवकर निकालात काढलं, असं तुमचं म्हणणं आहे.

आधी एक गाठ सोडवू. सदाशिवरावभाऊ पानिपतातून वाचले का, हा एक प्रश्न. तोतया म्हणजे भाऊ का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं, तरी दुसऱ्याचं 'नाही' असू शकतं. पुण्यात या विषयावर वाद घालताना बहुतेक जण पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यात जमा करतात.

आता काशीराज. त्याने फारसीत लिहिलं ते 1780 च्या सुमारास, म्हणजे लढाईनंतर जवळपास एकोणीस वर्षांनी. आपल्यातले बहुतेक जण वाचतात ते इंग्रजी भाषांतर. म्हणून त्याच्या शब्दाशब्दावर इमारत बांधू नये, हे मान्य. पण तो दक्षिणी ब्राह्मण होता, तहाच्या बोलण्यांत मध्यस्थ होता आणि लढाईआधी भाऊंची शेवटची चिठ्ठी त्यालाच आली होती. साक्षीदाराचा पक्ष पाहावा हे खरं, पण कुठल्या वाक्यात तो पक्ष कामाला येतो तेही पाहावं. शुजाने मराठ्यांच्या प्रेतांची विटंबना होऊ दिली नाही, अशी मालकाची थोरवी तो सांगतो तिथे वजन कमी धरा. फौजांचे आकडे देतो तिथेही. त्या धडावरच्या खुणा सांगताना मात्र त्याचा कसलाच फायदा दिसत नाही.

त्या खुणा सगळ्या सारख्या तोलाच्या नाहीत, आणि खरी चूक इथे होते. 'पाच खुणा जुळल्या' असं मोजून चालत नाही. प्रत्येक खूण त्या रणात आणखी किती जणांच्या अंगावर असेल, हे विचारावं लागतं. गुडघ्यांना आणि हातांना पडलेले घट्टे भाऊंच्या रोजच्या बाराशे नमस्कारांचे, असं काशीराज म्हणतो. पण तालमीत घाम गाळलेले शेकडो जवान तिथे पडले होते. ही खूण हलकी. पायावरची शुभरेषा त्याहून हलकी, कारण ती पाहणाऱ्याच्या श्रद्धेवर ठरते. मांडीवरचा रुपयाएवढा काळा डाग बऱ्यापैकी. सगळ्यांत जड पाठीवरचा कट्यारीचा जुना व्रण. 1759 मध्ये मुजफ्फरखान गारद्याने भाऊंवर हल्ला केला होता. त्या जखमेची जागा आधीपासून माहीत होती आणि ओळख पटवायला मराठ्यांचे वकील सोबत नेले होते. वय मात्र सुमारे पस्तीस दिलं आहे. भाऊंचा जन्म 1730 चा, म्हणजे तेव्हा ते तिशीत. पाच वर्षांच्या या फरकाला मी काही किंमत देत नाही, प्रेताच्या वयाचा अंदाज इतका चुकतोच.

तुमचा मुंडक्याचा मुद्दा मात्र खरोखर जोरदार आहे. ते नंतर, अब्दालीचा सरदार बरखुरदारखान याच्या लोकांकडून मिळालं. ते याच धडाचं होतं, हे कसं ठरवलं याचा तपशील तिथे नाही. साखळीतली ही कडी कच्ची आहे आणि ती कच्चीच धरावी. पण मुंडकं बाजूला ठेवलं, तरी पाठीवरचा व्रण उरतो.

पळून गेल्याच्या तर्काला मला वाटतं सगळ्यांत मोठी अडचण शांततेची आहे. जे निसटले ते दिसले. पायाला जबर जखम झालेले महादजी शिंदे दिसले, नाना फडणीस दिसले, स्वतः पार्वतीबाई सुरजमल जाटाच्या मुलखात पोहोचल्या. भाऊंना तीच वाट होती. रोहतकजवळच्या सांघी गावची परंपरा त्यांना साधू करते, पण ज्याच्या नावावर दौलत उभी होती त्याचं एकही पत्र का नाही, याचं उत्तर तिच्यात नाही.

त्यापेक्षा कैद होऊन गुपचूप मारले गेले, या तर्काला मी जास्त जागा देईन. लढाईत पकडलेले मराठा सरदार जनकोजी शिंदे यांचं तसंच झालं. खंडणीची बोलणी चालू असताना बातमी फुटली आणि त्यांना ठार करून पुरलं. तुम्ही हा तर्क मांडला असता, तर मला जास्त घाम गाळावा लागला असता.

तोतयाबद्दल: तो खोटा, हा नाना फडणिसांचा निवाडा मी पुरावा म्हणून घेतच नाही. पेशवे सवाई माधवराव तेव्हा दोन वर्षांचे होते आणि त्यांच्या नावाने नाना व इतर कारभाऱ्यांचं मंडळ, म्हणजे बारभाई, राज्य चालवत होतं. भाऊ परतले असते तर बारभाईंचा कारभार संपला असता. इतका स्वार्थ असलेल्या माणसाचा 'नाही' मोजू नये. पण हा माणूस आधीच्या थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळातच एकदा पकडला जाऊन रत्नागिरीकडे कैदेत पडला होता. तेव्हा बारभाई जन्मलेही नव्हते. नानांच्या कटाचा तर्क इथेच लंगडा पडतो.

पार्वतीबाई 1783 मध्ये सौभाग्यवती म्हणूनच गेल्या. त्यांच्या निष्ठेबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांनी प्रेत पाहिलं नव्हतं. त्यांचा विश्वास त्यांच्या मनाचं सांगतो, रणातलं नाही.

माझं मत बदलायला काय लागेल, असंही तुम्ही विचारलंत. पौष शुद्ध अष्टमी, शके 1682 नंतरचं, भाऊंच्या ओळखीच्या वळणाचं एक मोडी पत्र. किंवा त्या वर्षी मथुरा, भरतपूर, ग्वाल्हेरकडून पुण्याला आलेल्या पत्रांत, भाऊंना जवळून ओळखणाऱ्या कोणी 'मी त्यांना पाहिलं' असं लिहिलेलं. 'ऐकलं' असं लिहिलेलं नको. तशी आवई तर त्या उन्हाळ्यात घरोघर होती.