जिची कणीक परातीत राहिली, तिच्यासाठी

आज सकाळी उपासनेला निघण्यापूर्वी मी फोन पाहिला नसता तर बरे झाले असते. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअॅप गटावर एक चित्रफीत आली होती. रात्रीच्या अंधारात एका शहरावर क्षेपणास्त्रे पडत आहेत, इमारती एकामागून एक खाली बसत आहेत आणि त्यावर हालेलुयाचे गायन चढवले आहे. खाली ओळ होती, "परमेश्वर आपल्या लोकांसाठी लढत आहे." त्याखाली जोडलेले हात, ज्वाळांची चित्रे आणि तेवीस जणांचे 'आमेन'. शहर कोणते आणि देश कोणता, हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिले की खालची सगळी चर्चा त्या देशावर जाईल आणि मला ज्याविषयी बोलायचे आहे ते बाजूला राहील.

ती तेवीस नावे मी एकेक करून वाचली. त्यांतल्या निम्म्या घरांत मी जेवले आहे. चित्रफीत पाठवणारा तर माझ्याच शब्बाथ शाळेतला, म्हणजे मुलांच्या बायबल वर्गातला, मुलगा. गेथशेमाने बागेतल्या, येशूच्या अटकेच्या प्रसंगाची नाटिका आम्ही बसवली होती, तेव्हा तो मल्ख झाला होता, म्हणजे पेत्राने ज्याचा कान कापला तो मुख्य याजकाचा दास. कानाला लाल रंगात बुडवलेला कापूस चिकटवून तो उभा होता, आणि येशू झालेल्या मुलाने कानाला हात लावला की कापूस हळूच काढून घ्यायचा, एवढेच त्याचे काम होते. त्याने ते इतक्या मन लावून केले की पहिल्या बाकावरच्या आजींनी डोळ्यांना पदर लावला. ज्याने अटकेच्या क्षणीसुद्धा, पकडायला आलेल्या माणसाचा कान बरा केला, त्याचे नाव घेऊन आपण कोसळणाऱ्या इमारतीखाली आमेन लिहितो, हे मला सहन होत नाही. मी हे रागाने लिहीत आहे आणि तो राग लपवण्याची मला गरज वाटत नाही.

माझे वडील तोफखान्यात हवालदार होते, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. आमचे बालपण देवळाली कॅम्प आणि भगूरच्या मधल्या भाड्याच्या घरात गेले. सरावाच्या दिवशी तोफा सुरू झाल्या की खिडकीची काच आणि मांडणीवरची ताटे एकदमच वाजायची, आणि आई कामातून मान वर न करता म्हणायची, "आज बाबांची शाळा भरली." डिसेंबर १९७१ च्या युद्धात बाबा पश्चिम सीमेवर, पाकिस्तानातल्या शकरगडच्या भागात होते. फेब्रुवारीत ते पहिल्यांदा रजेवर आले. मी तेव्हा दहा वर्षांची होते. त्या रविवारी प्रभूभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, वेळी सगळी मंडळी उठून वेदीच्या कठड्याशी गेली आणि बाबा बाकावरच बसून राहिले. आईने दोनदा मागे वळून पाहिले. त्यानंतर उघड प्रार्थनेची वेळ आली तेव्हा ते उभे राहिले. मंडळी देवाचे उपकार मानत होती, आमचे हवालदार सुखरूप परत आले म्हणून. बाबांनीही उपकार मानले, आपल्या तुकडीतल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना केली आणि मग म्हणाले, "प्रभू, जिची कणीक परातीत राहिली, ती बाई जिथे असेल तिथे तिला जेवायला मिळू दे."

कोणालाच काही कळले नाही. घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितले. गोळाबारी थांबल्यावर त्यांची तुकडी एका रिकाम्या खेड्यातून पुढे गेली. एका घराची भिंत पडली होती, आत चूल होती आणि चुलीपाशी परातीत मळून ठेवलेली कणीक होती. वाळून तिला भेगा पडल्या होत्या, पण वरचे चार बोटांचे ठसे तसेच होते. तोफखान्यातल्या माणसाला आपण कोणाला मारले हे दिसत नाही, त्याला आकडे सांगतात आणि तो नळी फिरवतो. बाबांना त्या दिवशी दिसले ते एवढेच. ते घर त्यांच्याच तोफेने पडले की दुसऱ्या कोणाच्या, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

आता मला ठाऊक असलेली उत्तरे येतील, म्हणून तीही लिहिते. जुन्या करारात परमेश्वराला योद्धा म्हटले आहे, हे खरे आहे. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात सत्ताधारी उगाच तलवार बाळगत नाही असे म्हटले आहे, हेही मला पाठ आहे. कफर्णहूमच्या शताधिपतीला, म्हणजे रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याला, प्रभूने नोकरी सोड असे सांगितले नाही, आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने शिपायांना लोकांना लुबाडू नका, आपल्या पगारात तृप्त राहा, एवढेच सांगितले. मान्य आहे. परंतु त्याच जुन्या करारात दाविदासारख्या देवाच्या आवडत्या राजाला मंदिर बांधण्याची परवानगी मिळाली नाही आणि कारण स्पष्ट दिले आहे: तू पुष्कळ रक्त सांडले आहेस. ज्या लढाया देवाच्या नावाने लढल्या गेल्या, त्याच लढायांच्या हातांनी देवाचे घर बांधायचे नाही. हा अध्याय कोणी गटावर का पाठवत नाही?

पुढे कित्येक वर्षांनी मंडळीचा इतिहास वाचताना मला बाबांचे ते बाकावर बसून राहणे पुन्हा भेटले. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने लिहून ठेवले आहे की पूर्वजांनी युद्धातल्या वधाला खून मानले नाही, तरीही ज्याचे हात असे माखले आहेत त्याने तीन वर्षे प्रभूभोजनापासून दूर राहावे हे बरे. १०६६ मध्ये इंग्लंडमधली हेस्टिंग्जची लढाई फ्रान्सहून आलेल्या नॉर्मन लोकांनी जिंकली, आणि त्या जिंकलेल्या सैन्यावर त्यांच्याच बिशपांनी प्रायश्चित्त लादले: ज्याला आपण माणूस मारल्याचे ठाऊक आहे त्याने प्रत्येक माणसामागे एक वर्ष. आणि धनुर्धाऱ्यांसाठी वेगळा नियम होता, कारण बाण कोणाला लागला आणि कोण मेला हे त्यांना कळत नसे, म्हणून त्यांनी तीन उपवासकाळ पाळावेत. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते. त्या बिशपांपुढे बाबा उभे राहिले असते तर धनुर्धाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले असते. देवळालीच्या हवालदाराने ना बासिल वाचला होता, ना हेस्टिंग्ज ऐकले होते. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे.

ज्या मंडळीने विजयी सैनिकालाही पश्चात्तापाला बसवले, तिच्याच वारसांनी घरबसल्या विजयाचे आमेन लिहावे, हे कुठून आले? मला त्याचे उत्तर इतिहासात दिसते आणि त्याने माझा राग आणखीच वाढतो. इ. स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या तेबेसा इथे मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने, आपण ख्रिस्ती असल्यामुळे सैन्यात भरती होऊ शकत नाही असे सांगितले आणि त्याचा शिरच्छेद झाला. त्यानंतर वीस वर्षांच्या आत सम्राट कॉन्स्टंटाईन ख्रिस्ताच्या चिन्हाखाली लढाई जिंकल्याचे सांगत होता. आपण छळ सोसणारे होतो ते सत्तेच्या बाजूचे झालो, आणि सत्तेला आशीर्वाद लागतो. १०९५ मध्ये पोप दुसरे अर्बन यांनी धर्मयुद्धाची हाक दिली, आणि तिथून पुढे प्रायश्चित्त म्हणजे युद्धातच जाणे, असे उलटे गणित झाले. २०२२ मध्ये, युक्रेनमधले युद्ध चालू असताना, मॉस्कोच्या धर्मप्रमुखांनी प्रवचनात सांगितले की कर्तव्य करताना रणात मेलेल्या सैनिकाचे बलिदान त्याची सगळी पापे धुऊन टाकते. समोरच्या खंदकातला सैनिकही त्याच पद्धतीने क्रूसाची खूण करणारा होता. पापे धुणारे रक्त एकाचेच, असे आपण दर रविवारी गातो ना?

नागासाकीचे तर मला लिहवतही नाही. ९ ऑगस्ट १९४५ रोजी तिथला बॉम्ब उराकामीच्या खोऱ्यावर फुटला, जिथे जपानमधले सर्वांत मोठे ख्रिस्ती मंदिर होते आणि जिथल्या लोकांनी दोनशेहून अधिक वर्षे लपूनछपून विश्वास जपला होता. ते विमान जिथून उडाले त्या तिनियन बेटावर, बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकांचे धर्मगुरू असलेले जॉर्ज झबेल्का यांनी पुढे उघडपणे कबूल केले की आपण गप्प बसलो, युद्धाला आशीर्वाद दिला आणि ते पाप होते. उरलेले आयुष्य त्यांनी तेच सांगत घालवले. एका माणसाला आपला 'आमेन' परत घ्यायला किती वर्षे लागतात, ते पाहा.

हिटलरसमोर काय केले असते, हा प्रश्न दर वेळी येतो, आणि मी कबूल करते की त्याचे सोपे उत्तर माझ्याकडे नाही. डिट्रिख बॉनहॉफर हे पाळक असूनही हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाले आणि एप्रिल १९४५ मध्ये फासावर गेले. परंतु आपण करतो ते निर्दोष आहे, असे त्यांनी कधी मानले नाही, अपराध अंगावर घेऊनच ते त्यात उतरले. तिकडे ऑस्ट्रियातला फ्रान्झ येगरश्टेटर हा साधा शेतकरी. त्याच हिटलरसाठी लढायला नकार दिल्यामुळे १९४३ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. तुझ्या धर्मगुरूंपेक्षा तुला जास्त कळते का, असे त्यालाही विचारले गेलेच असेल.

इथे मी थोडी थांबते, कारण बाबांवर अन्याय व्हायला नको. आपण सैन्यात जायला नको होते, असे बाबा कधीही म्हणाले नाहीत. २६ जानेवारीला ते कोटावर पश्चिमी स्टार, म्हणजे त्या युद्धाचे पदक, लावून ध्वजवंदनाला जात आणि आम्ही मुले त्यांच्या मागे ताठ चालत असू. सीमेवर कोणीतरी उभे राहायला हवे, हे त्यांना मान्य होते, आणि आज त्यांच्या जागी उभ्या असलेल्या मुलांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. या पोस्टचा अर्थ कोणी सैनिकांविरुद्ध लावला तर मला अतिशय वाईट वाटेल. मी स्वतःला शांततावादी म्हणवत नाही, कारण माझे दूधभाकरी तोफखान्याच्या पगारावर चालले. माझे म्हणणे इतकेच आहे की लढावे लागलेच तर ख्रिस्ती माणसाने ते छातीवर दगड ठेवून करावे आणि परत येऊन गुडघे टेकावेत. युद्धाचा आनंद मानायला, त्याला देवाची योजना म्हणायला आणि मरणाऱ्यांवर स्तोत्र गायला आपल्या विश्वासात जागा नाही. बाबांना ते कळले होते, कारण ते तिथे होते. आपण तर चहाचा कप हातात घेऊन आमेन लिहितो.

एक गोष्ट लिहावी की नाही, असा विचार करत होते, पण लिहिते. आपण संख्येने थोडे आहोत, आपल्या देशभक्तीकडे लोक तिरक्या नजरेने पाहतात, आणि म्हणून युद्धाचा विषय निघाला की आपल्यातले काही जण इतरांपेक्षा मोठ्याने ओरडतात. ती भीती मला समजते, मीही नोकरीत ती अनुभवली आहे. पण आपण नाशिकच्या शरणपूरचे लोक आहोत. ही वस्ती मिशनऱ्यांनी वसवली आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुले इथे आणून वाढवली. ज्यांची गावे हत्यारबंद टोळ्यांनी जाळली, ज्यांच्या आयांच्या चुली अशाच अर्ध्यावर राहिल्या, ती ही मुले. त्यांतलाच एक, जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरलेला मिशनरी आणि संशोधक लिव्हिंग्स्टन याचे शव आफ्रिकेतून इंग्लंडपर्यंत घेऊन गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या दफनाला हजर होता. गावाचे नावच शरण आलेल्यांचे आहे, आणि त्या गावातून आपण इमारतींखाली गाडल्या जाणाऱ्यांवर ज्वाळांची चित्रे पाठवतो.

बाबांनी पुढच्या वर्षीच्या ईस्टरला प्रभूभोजन घेतले. मधल्या काळात आमचे तेव्हाचे पाळकसाहेब एकदा घरी आले होते. ते खाटेवर बसले, चहा घेतला, वाद घातला नाही, वचन काढून दाखवले नाही. निघताना म्हणाले, "यावेसे वाटेल तेव्हा या. कठड्याशी तुमची जागा आहे." असा पाळक आज मिळाला तर मी त्यांच्या पायाशी बसेन.

ती प्रार्थना मात्र बाबांनी सोडली नाही. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल चालू होते, कॅम्पातल्या कितीतरी घरांतली माणसे वर होती आणि चर्चमध्ये पंखे फिरत असूनही गुदमरल्यासारखे होत होते. बाबा उठले, आपल्या जवानांची नावे घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना केली, आणि मग पुन्हा तेच वाक्य. मागच्या बाकावरून एक गृहस्थ चिडून म्हणाले, "हवालदारसाहेब, आज तरी आपल्या पोरांसाठी करा." बाबा वळले आणि म्हणाले, "त्यांच्यासाठी केली. ही दुसरी आहे." आणि बसले.

लिहिता लिहिता दुपार झाली आणि सकाळचा राग आता तितका उरलेला नाही. ज्याने चित्रफीत पाठवली त्याला मी फोन केला होता. गटावर त्याचे नाव घेऊन काही बोलले नाही आणि इथेही घेणार नाही. मी त्याला विचारले, "तुला मल्ख झालेला आठवतो का?" तो बराच वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मावशी, तो कापूस मी बरेच दिवस दप्तरात ठेवला होता." चित्रफीत त्याने काढली की नाही, ते मी पाहिलेले नाही.

येत्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेची पाळी माझी आहे. आपल्या जवानांसाठी प्रार्थना करीन, आणि त्यानंतर बाबांची ती दुसरी प्रार्थनाही, त्यांच्याच शब्दांत करीन. ज्यांना पटत नसेल त्यांनी तेवढ्या वाक्यापुरते आमेन म्हणू नये, मला त्याचा राग येणार नाही. मराठी उपासना साडेआठला आहे.