स्क्रूला नावं ठेवताना

व्हाइसच्या (काम घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंज्याच्या) जबड्यावरची पट्टी डुगडुगायला लागली, तेव्हाच मी लक्ष द्यायला हवं होतं. ही पट्टी दोन स्क्रूंवर तगून असते. त्यातला एक सुटला, खाली पडला आणि गेला. वर्कशॉपमध्ये स्क्रू पडण्याचीही एक पद्धत आहे. पहिल्यांदा पायाजवळ टण्, दुसऱ्यांदा टेबलाखालून टिण्, आणि तिसरा आवाज येतच नाही. मग माणूस गुडघ्यांवर येतो, बॅटरी पेटवतो, आणि त्याला तीन वॉशर, एक तुटकं ड्रिल आणि कधीच्या काळी हरवलेली पेन्सिल सापडते. स्क्रू तेवढा सापडत नाही.

दुसरा स्क्रू जागेवर होता, पण चुकीचा स्क्रू ड्रायव्हर घालून घालून कुणीतरी (म्हणजे मीच) त्याच्या खाचेची पार बशी करून ठेवली होती. तो काही केल्या निघेना. म्हणजे नमुना न्यायची सोय बुडाली. आता काय हवंय ते तोंडानं सांगणं आलं.

"एक स्क्रू हवाय," मी काउंटरवर म्हणालो.

"कशाला बसवायचाय?"

हा प्रश्न मला झोंबला. 'कशाला बसवायचाय' असं नवशिक्याला विचारतात. जाणकार माणूस माप सांगतो आणि गप्प उभा राहतो. मी म्हटलं, "ते राहू द्या. सहा मिलिमीटर."

"स्क्रू की बोल्ट?"

मी बोल्ट म्हणालो. बोल्ट म्हटलं की तोंड भरल्यासारखं वाटतं. वास्तविक या प्रश्नापुढे भलेभले गडबडतात. सर्वसाधारण समजूत अशी, की मागून नट लावून जो आवळला जातो तो बोल्ट आणि डोकं फिरवून थेट आटे पाडलेल्या भोकात जो बसतो तो स्क्रू. आता तोच नग सकाळी भोकात घातला तर स्क्रू आणि संध्याकाळी नटात घातला तर बोल्ट होतो का? अमेरिकेच्या कस्टम खात्यानं तर बोल्ट आणि स्क्रू वेगवेगळे कसे ओळखावेत यावर एक आख्खी पुस्तिका काढली आहे, कारण दोघांवरची जकात एक नाही. पुस्तिका काढावी लागली यातच काय ते आलं.

मिळाला तो षटकोनी डोक्याचा बोल्ट घेऊन घरी आलो. सहाचा बोल्ट म्हणून सहाचा पाना काढला. तो लागेना. इथे एक गोष्ट नवशिक्याला कुणी सांगत नाही: बोल्टचं माप असतं आट्यांच्या जाडीचं आणि पान्याचं माप असतं डोक्याच्या रुंदीचं. सहाच्या बोल्टला दहाचा पाना, आठच्याला तेराचा. दहाच्या बोल्टला जुन्या जर्मन मानकाप्रमाणे सतराचा लागतो आणि नव्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सोळाचा. जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ पान्यांचा मामला तर आणखी न्यारा. त्यावर डोक्याचं माप नसतंच, ज्या बोल्टला तो लागतो त्याची जाडी कोरलेली असते. कुठेही गेलं तरी पळसाला पाने तीनच म्हणतात. माझ्या ट्रेमध्ये अकरा आहेत, आणि हवा असतो तो कायम बारावा. दहाचा होता तिथे ठळक अक्षरात रिकामी खाच होती.

शेवटी पकडीनं फिरवला. बोल्ट दोन फेरे गेला आणि थांबला. वर त्याचं डोकं असं दिमाखात उभं, की व्हाइसचे जबडे मिटेनात. मी सगळा दोष डोक्याला दिला. डोकं चपटं हवं होतं, पट्टीत बुडणारं. दोन फेऱ्यांनंतर बोल्ट का थांबला, हा प्रश्न मला पडलाच नाही. मळ असेल, म्हटलं.

मग डोक्यांचा अभ्यास केला. मराठीत 'नावं ठेवणं' याचे दोन अर्थ होतात, आणि स्क्रूच्या बाबतीत ते दोन्ही एकाच वेळी लागू पडतात. चीज हेड, पॅन हेड, मशरूम हेड ही नावं ठेवणारा इसम नक्की जेवणाच्या सुट्टीच्या आधी कामाला बसला असणार. बटन हेडपर्यंत त्याचं जेवण झालं असावं. मला हवा होता तो काउंटरसंक, ज्याला काउंटरवर 'सीएसके' म्हणतात. त्याच्या डोक्याच्या नरसाळ्यालाही कोन असतो. मेट्रिकमध्ये ९० अंश, अमेरिकन इंची स्क्रूत ८२. एकाचं डोकं दुसऱ्याच्या खड्ड्यात घातलं तर बसल्यासारखं दिसतं, पण फक्त कडेवर टेकलेलं असतं.

दुसऱ्या फेरीत मी तयारीनिशी गेलो. "सीएसके, एम सहा, वीस लांब."

"खाच की ॲलन?" म्हणजे डोक्यावर सरळ चीर हवी की षटकोनी खड्डा.

"ॲलन."

"आठ-आठ की बारा-नऊ?"

मला आधी वाटलं, दुकानाची वेळ सांगताहेत. ते पोलादाच्या ताकदीचे आकडे निघाले. ८.८ मधला पहिला आठ म्हणजे चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनला तुटणार, आणि टिंबापुढचा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांना, ६४० न्यूटनला, कायमचा ताणला जाणार. पोलादावर इतक्या स्वच्छ शब्दांत भविष्य लिहिलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. मी 'बारा-नऊ' म्हणालो, कारण मोठा आकडा.

हातात आलेला स्क्रू आखूड वाटला. इतर सगळ्या स्क्रूंची लांबी डोक्याखालून मोजतात, सीएसकेची मात्र डोक्यासकट, कारण तो डोक्यासकट बुडतो. माझे वीस त्याच्या वीसपेक्षा तीन मिलिमीटरनं जास्त होते. पंचवीस घेतला आणि कापायचं ठरवलं.

हाही दोन फेरे गेला आणि थांबला.

यानंतर मी जे केलं ते जगातला प्रत्येक माणूस करतो आणि कुणी कबूल करत नाही. ॲलन कीवर पाइप चढवला. दात-ओठ खाऊन जोर लावला, अर्धा फेरा मिळाला, आणि मग एकदम सगळं हलकं झालं. त्या हलकेपणाचा आनंद पाव सेकंद टिकतो. कीची कड गोल झाली होती, आणि भोकातून एक बारीक, चमकदार, कुरळा लोखंडी तुरा बाहेर डोकावत होता. आटे म्हणतात ते हेच; निघाले होते.

आता मात्र त्या दुसऱ्या, बशी झालेल्या स्क्रूचे पाय धरणं आलं. रात्रभर त्याला तेलात ठेवला. सकाळी हॅक्सॉनं नवी खाच पाडली, जाड स्क्रू ड्रायव्हर लावून वर हातोडीचे तीन टोले दिले, आणि तो 'कर्र' करून सुटला. काळं ग्रीस आणि लोखंडाचा भुसा पुसून व्हर्नियरमध्ये, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीत, धरला. ६.३. सहाचा बोल्ट सहापेक्षा केसभर कमीच भरतो, जास्त कधी भरत नाही. मी पुन्हा धरला. ६.३.

मग आटे मोजायचं गेज काढलं, ते करवतीच्या पात्यांच्या पंख्यासारखं दिसतं ते. एम सहाचं पान १ मिलिमीटरचं. ते लावलं तर दात दातावर चढले. सव्वाचं लावलं तर जवळजवळ बसलं. मी खूश. पण दिव्यापुढे धरल्यावर शेवटच्या दोन दातांखालून उजेडाची एक चीर दिसली. इंची पानांपैकी वीसचं लावलं. उजेड गायब. इंचाला वीस आटे, म्हणजे दर आट्याला १.२७ मिलिमीटर. माझा स्क्रू पाव इंची होता. सुताच्या भाषेत दोन सूत. त्याच्या भोकात मी सहाचा मेट्रिक घालत होतो, जो दर फेऱ्याला पाव मिलिमीटरहून जास्त चुकत होता. दोन फेरे त्यानं मानलं, हेच त्याचं मोठेपण.

बरं, पाव इंच वीस आटे म्हणजेही एक नाव नव्हे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यानं इंग्लंडभरच्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले आणि आट्यांच्या कोनाची सरासरी काढली. ती आली ५५ अंश. कुणाचंच पूर्ण ऐकायचं नसलं की येतो तसा हा आकडा आहे. पुढे १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सनं ६० अंशांचा आटा मांडला, करायला सोपा म्हणून, माथ्याशी गोल न ठेवता सपाट. मग दोन्हीकडे दोन कोन नांदले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिका या दोस्तांचेच सुटे भाग एकमेकांना लागेनात, तेव्हा कुठे १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा ६० वर एकत्र आले. अर्ध्या इंचाला व्हिटवर्थचे १२ आटे आणि अमेरिकेचे १३, तिथे फसवणूक लगेच कळते. पाव इंचाला मात्र दोघांचेही वीसच. पाच अंशांचा फरक पोटात ठेवून हे दोघं एकमेकांच्या घरात खुशाल राहतात. माझा व्हाइस जुना, म्हणून मी व्हिटवर्थ धरला. बिघडलेल्या भोकात त्याच मापाचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) हलक्या हातानं फिरवला. वरचे दोन आटे गेले ते गेले, खालचे जिवंत होते.

तिसऱ्या फेरीला जाताना मी सगळं पाठ केलं. जीभ अडखळू नये म्हणून वाटेत दोनदा म्हणूनही पाहिलं. काउंटरवर पोहोचलो, श्वास घेतला आणि एका दमात म्हणालो, "पाव इंच व्हिटवर्थ, इंचाला वीस आटे, काउंटरसंक, सरळ खाचेचा, डोक्यासकट एक इंच लांब, पोलादी, काळा, उजव्या आट्याचा."

काउंटरपलीकडच्या गृहस्थांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान मागे वळवून ओरडले, "अरे, व्हाइसच्या पट्टीचे स्क्रू दे रे दोन!"

आतून पुडी आली. पुडीवर पेनानं लिहिलं होतं, 'व्हाइस'.

"चार द्या," मी म्हणालो.

"पट्टीला दोनच लागतात."

"दोन हरवायला."