चांगभलं आणि फियाटची किल्ली

मोटार चालवायला शिकणं सोपं असतं. घरची मोटार मागायला शिकणं अवघड. त्यातून घरात एकच मोटार असेल आणि ती थोरल्या काकांची असेल, तर विचारूच नका.

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी आबांची, म्हणजे या थोरल्या काकांची, फियाट होती. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, पण त्या नावानं पेठेत तिला कुणी ओळखलं नसतं. गिअर स्टिअरिंगलाच, पुढची सीट सलग, त्यामुळं पुढंच तिघं मावायची. मागं किती मावायची हे घरात लग्नकार्य किती जवळ आलंय त्यावर ठरायचं. किल्ली देवघरातल्या खुंटीला. म्हणजे घ्यायची तर आंघोळ करूनच घ्यायची, आणि आजीच्या समोरून.

आबांकडं एक डायरी असे. गाडी दारातून निघताना किलोमीटर लिहायचे, परत आली की लिहायचे, वजाबाकी करायची आणि चष्म्यावरून बघत विचारायचं, "एवढे कसे रं?" बाकीचे नियम तोंडपाठ होते. टेपचा आवाज गाडीबाहेर जाता कामा नये. दिवेलागणीला गाडी दारात पाहिजे. चोक ओढून विसरायचं नाही. गाडीत बसणाऱ्या प्रत्येक मित्राचे वडील काय करतात हे आधी सांगायचं. या शेवटच्या नियमापायी आमची निम्मी दोस्ती सायकलवरच राहिली.

एवढ्यातून किल्ली मिळालीच तर ती एकटी मिळायची नाही. "निघालाच आहेस तर" या शब्दांनी आमच्या घरातलं प्रत्येक वाक्य सुरू व्हायचं. निघालाच आहेस तर लक्ष्मीपुरीतनं ज्वारीचं पोतं आण. निघालाच आहेस तर उद्यमनगरात पंपाचं काम टाकलंय ते झालं का बघ. निघालाच आहेस तर आत्याला गंगावेशीत सोड, आणि आत्या म्हणायची, "थांब रे, साडी बदलून आलो." रंकाळ्यावर मित्रांसोबत भेळ खायला म्हणून निघालेला मी तिथं पोचायचो तेव्हा मित्र घरी गेलेले असत आणि डिकीत पोतं असे.

चोरून कुठं जायची सोय नव्हतीच. हल्ली मी पोराला मोबाईलवर लोकेशन पाठवायला सांगतो, तर तो मला संशयी म्हणतो. आबांना कधी मागावं लागलं नाही. बिंदू चौकात गाडी वळली की पानपट्टीवर कुणीतरी म्हणायचं, "आबांची गाडी न्हवं ही?" आणि आम्ही घरी येईस्तोवर उत्तर घरी पोचलेलं असायचं.

तरीही पन्हाळ्याला जायचंच, असं बारावीनंतरच्या सुट्टीत चुलत भावानं ठरवलं. लायसन त्याचं होतं, डोकंही त्याचंच. पन्हाळा म्हटलं की "कशाला?" येणार. पण ज्योतिबाला "कशाला?" विचारायची कोल्हापुरात कुणाची छाती आहे? शिवाय रस्ता केर्लीपर्यंत एकच, तिथून ज्योतिबाचा फाटा फुटतो. पन्हाळा वीसेक किलोमीटर, ज्योतिबा त्याहून थोडा अलीकडं. फरक फारच उरला तर गाडी लावायला जागा मिळंना म्हणून डोंगरावर हिंडलो, असं सांगायचं. डायरीचा बंदोबस्त झाला. पुरावा म्हणून महाद्वार रोडवर गुलालाची पुडी घेतली.

पन्हाळ्याचा घाट फियाटला मानवायचा नाही. काटा वर चढला, तसं बॉनेट उघडून रस्त्याकडंला उभे राहिलो. त्यात बहिणीनं आणलेलं प्यायचं पाणी रेडिएटरला गेलं. पण तीन दरवाजाच्या दगडी गारव्यात बसून, भाजलेलं कणीस खात, नियम नसलेली दुपार कशी असते ते पहिल्यांदा कळलं. खरं तर विशेष काही केलं नाही. टेप मोठ्यानं लावला, एवढंच.

परतताना पंचगंगेच्या पुलाअलीकडं गाडी थांबवून भावानं प्रत्येकाच्या कपाळाला गुलाल लावला. नीट, मधोमध, बोटाच्या पेरानं.

आजी दारातच होती. "दवणा कुठाय?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. ज्योतिबाला जाऊन दवण्याची काडी न आणणारं माणूस आजीनं उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. आबा काही न बोलता गाडीकडं गेले. दार उघडलं, सीटवरून हात फिरवला, बोटं उजेडात धरली. स्वच्छ. मग भावाचे दोन्ही कान धरून आत बघितलं. तेही स्वच्छ. ज्योतिबाच्या डोंगरावर गुलाल कपाळाला लागत नाही. तो केसांत, कानांत, शर्टाच्या शिवणीत शिरतो आणि आठवडाभर उशीवर उतरत राहतो. आम्ही तर पावडर लावून फोटोला बसल्यासारखे दिसत होतो.

आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "देवाचं नाव घेतलंय, आता जायला पाहिजे."

पुढच्या रविवारी, देवाच्या वारीच, आजी, आत्या, दोन्ही काकू, पोरंटोरं असं सगळं घर फियाटमध्ये भरलं. मागच्या खिडकीतून कुणाचातरी हात कायमचा बाहेर होता. चालवायला आम्हा दोघांना पाळीपाळीनं बसवलं. आबा शेजारी, मांडीवर नारळाची पिशवी, आणि प्रत्येक वळणाला "दुसरा टाक, दुसरा टाक." वर पोचल्यावर "चांगभलं"च्या गजरात गुलाल-खोबऱ्याची अशी उधळण झाली की आमच्यातली आत्या कुठली आणि काकू कुठली ते आवाजावरून ओळखावं लागलं.

घरी आल्यावर आबांनी पुन्हा दार उघडलं. सीट गुलाबी, टप गुलाबी, स्टिअरिंगवर गुलाबी पंजे. त्यांनी समाधानानं मान हलवली, खिशातून डायरी काढली, किलोमीटर लिहिले आणि वजाबाकी केली. मग चष्म्यावरून आमच्याकडं बघून म्हणाले,

"परवापेक्षा कमी कसे रं?"