अंगावरचे आणि पावडरचे दूध एकत्र: ‘एक काय ते ठरवा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

बाळंतिणींमध्ये एक सल्ला वेगवेगळ्या शब्दांत सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: तान्ह्या बाळाला अंगावरचे आणि पावडरचे दूध दोन्ही देऊ नये, कारण दोन दुधे पोटात एकत्र आली की फाटतात; पावडर सुरू केली की अंगावरचे दूध आटते; बाटलीची चव लागलेले बाळ पुन्हा अंगावर घेत नाही; आणि पावडरच्या एका घोटानेही आईच्या दुधाचे सगळे फायदे वाया जातात, म्हणून आईने ‘एक काय ते ठरवावे’. यातली काही विधाने साफ चुकीची आहेत, तर काही अर्धवट खरी आहेत आणि म्हणूनच अधिक घातक आहेत. वजन घटत चाललेल्या बाळाची आई हा सल्ला वाचून एक तर बाळाला उपाशी ठेवते, नाही तर जेवढे दूध येत होते तेवढेही पाजणे थांबवते, आणि दोन्हीकडून नुकसान बाळाचेच होते.

प्रतिवादाआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे आणि पुढे पूरक आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि तिच्याशी माझा कोणताही वाद नाही. पावडरच्या दुधाच्या जाहिरातबाजीला आवर घालण्यासाठी जागतिक आरोग्य सभेला १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारावी लागली, हेही विसरता येत नाही. आईला पुरेसे दूध येत असेल आणि बाळ बाळसे धरत असेल, तर डबा उघडण्याची गरज नाही. प्रश्न आहे तो जुळ्यांच्या आईचा, बाळंतपणात खूप रक्तस्राव झालेल्या किंवा स्तनांची शस्त्रक्रिया झालेल्या आईचा, लवकर कामावर परतावे लागणाऱ्या आईचा, आणि विचारपूर्वक दोन्ही द्यायचे ठरवलेल्या आईचाही.

पहिला दावा दूध फाटण्याचा. पोटात दूध फाटते हे खरेच आहे, पण ते प्रत्येक दूध फाटते, आईचेसुद्धा. जठरातले आम्ल आणि पाचक रस यांच्यामुळे दुधातले केसिन हे प्रथिन साकळते आणि तिथूनच पचनाला सुरुवात होते. आईच्या दुधाचा साका मऊ आणि बारीक असतो, गाईच्या दुधापासून बनवलेल्या पावडरीचा तुलनेने घट्ट असतो, त्यामुळे पावडरचे दूध पोटात थोडा अधिक वेळ राहते. दोन्ही एकत्र आल्याने तिसरेच काही विषारी तयार होत नाही. फरक दिसतो तो लंगोटात: पिवळी, पातळ, दाणेदार शी थोडी घट्ट होते, रंग हिरवट किंवा तपकिरी होतो, वास वाढतो. हे पाहून ‘पचले नाही’ असा निष्कर्ष काढला जातो, पण हा बदल अपेक्षितच असतो. शीमध्ये रक्त दिसणे, अंगावर गांधी उठणे, वारंवार जोराने उलट्या होणे ही लक्षणे मात्र वेगळी आहेत. ती गाईच्या दुधातील प्रथिनांच्या अ‍ॅलर्जीची असू शकतात आणि तेव्हा डॉक्टरांकडे जावे. एकाच बाटलीत दोन्ही दुधे मिसळलीच तर आधी पावडर योग्य प्रमाणातल्या पाण्यात कालवावी आणि मगच त्यात काढलेले दूध घालावे. पाण्याऐवजी आईच्या दुधात पावडर कालवली तर मिश्रण फार घट्ट होते आणि त्याचा भार बाळाच्या मूत्रपिंडांवर पडतो. शक्यतो मात्र आईचे दूध आधी स्वतंत्रपणे पाजावे, म्हणजे बाटलीत उरलेले टाकून देताना ते वाया जात नाही.

दुसरा दावा दूध आटण्याचा. यात अर्धे सत्य आहे, म्हणून यावर अधिक थांबायला हवे. दूध किती तयार व्हावे हे बाळाच्या पोटात काय गेले यावर ठरत नाही. स्तनातून किती दूध बाहेर पडले यावर ते ठरते. बाळ चोखू लागले की आईच्या शरीरातले प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते आणि ते दूध तयार करवते. ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे पान्हा फुटतो. स्तन बराच वेळ भरलेले राहिले तर दुधातलाच एक घटक त्या स्तनातली निर्मिती मंदावतो, आणि हे प्रत्येक स्तनात स्वतंत्रपणे घडते. एका बाजूला कमी पाजले की त्याच बाजूचे दूध कमी होते, ते यामुळेच. तेव्हा पावडरने दूध आटते असे म्हणण्यापेक्षा, पावडरची बाटली दिल्यामुळे जे पाजणे चुकते त्याने दूध आटते, असे म्हणणे बरोबर ठरेल. हा फरक शब्दांचा नाही, कारण उपाय त्यातूनच निघतो: आधी दोन्ही बाजूंना पाजायचे आणि मग लागेल तेवढेच वरून द्यायचे. एखाद्या वेळी पूर्ण बाटलीच द्यावी लागली, तर त्या सुमारास हाताने किंवा पंपाने दूध काढायचे. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण आठ ते बारा वेळा अंगावर पिते. सुरुवातीच्या आठवड्यांत ही संख्या फार घसरू द्यायची नाही. रात्री प्रोलॅक्टिन अधिक असते, त्यामुळे आईला विश्रांती म्हणून रात्रीची सगळी पाजणी बाटलीवर टाकली तर त्याची किंमत दुधाच्या प्रमाणात मोजावी लागू शकते. ती किंमत देऊनही झोप गरजेची आहे असे एखाद्या आईला वाटले तर तो तिचा अधिकार आहे, पण निर्णय घेताना तिला हे ठाऊक असले पाहिजे.

या दाव्यावर प्रत्यक्ष प्रयोगही झाले आहेत. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या दीड दिवसात पाच टक्के किंवा त्याहून अधिक वजन घटलेली ४० बाळे घेतली होती. त्यातल्या निम्म्या बाळांना प्रत्येक स्तनपानानंतर सिरिंजने फक्त १० मिलिलिटर पावडरचे दूध दिले गेले आणि आईला दूध उतरताच ते बंद केले गेले. तीन महिन्यांनी त्या गटातली ७९ टक्के बाळे निव्वळ आईच्या दुधावर होती, तर दुसऱ्या गटातली ४२ टक्के. एवढ्यावरून पावडर स्तनपानाला मदत करते असे मी म्हणणार नाही, कारण त्याच संशोधकांनी पुढे १६४ बाळांवर हाच प्रयोग केला तेव्हा महिन्याभरानंतर दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि वर्षाच्या शेवटी तर पावडर मिळालेल्या गटात ३० टक्के आणि दुसऱ्या गटात ४८ टक्के बाळे अंगावर पीत होती. म्हणजे वरून दिलेले दूध निरुपद्रवी असते असेही नाही आणि त्याने दूध हमखास आटते असेही नाही. ज्या आईला वैद्यकीय कारणाने द्यावे लागते तिने ते मोजून, हेतू ठरवून आणि स्तनपानाला धरून द्यावे, इतकेच यातून प्रामाणिकपणे म्हणता येते.

मुळात दूध कमी आहे की नाही, हेही नीट तपासायला हवे. स्तन मऊ लागणे, बाळाने संध्याकाळी तासन्‌तास चिकटून राहणे किंवा पंपात थोडेच दूध येणे, हे दूध कमी असल्याचे पुरावे नाहीत. पुरावा तराजू देतो. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन घटते. ही घट दहा टक्क्यांकडे जाऊ लागली तर तपासणी हवी. साधारण दोन आठवड्यांत जन्मवजन भरून निघावे आणि पुढचे तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ व्हावी. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट लघवीने भिजले पाहिजेत. हे सगळे ठीक असेल तर वरच्या दुधाची गरज नाही, आणि ठीक नसेल तर संदेश वाचत बसण्यात वेळ घालवू नये.

तिसरा दावा बाटलीचा. काही बाळे बाटलीनंतर स्तनाशी रडतात हे खरे आहे, पण बाटली लागली की सगळीच बाळे आईकडे पाठ फिरवतात हे खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्या सुधारल्या, तेव्हा बाटली आणि चोखणी देऊच नये असे सांगणारी पायरी बदलून, त्यांचा वापर आणि धोके यांविषयी आईला समजावून सांगावे अशी केली. अडचण बहुतेक वेळा प्रवाहाच्या वेगात असते. स्तनाशी बाळाला पान्हा फुटेपर्यंत चोखावे लागते, मध्ये थांबावे लागते. उलट्या धरलेल्या बाटलीतून दूध काही न करता घशात येते. म्हणून बाळाला जवळजवळ बसते धरावे, निप्पल ओठाला लावून त्याने स्वतः तोंड उघडण्याची वाट पाहावी, बाटली आडवी ठेवावी, म्हणजे निप्पलमध्ये जेमतेम दूध राहील, आणि पाच-सात घोटांनंतर ती थोडी खाली झुकवून त्याला श्वास घेऊ द्यावा. बाळाने मुठी सैल सोडल्या, मान वळवली की बाटलीत दूध उरले असले तरी थांबावे. पहिल्या दिवसांतली थोडीशी मात्रा तर वाटी-चमच्यानेही देता येते.

चौथा दावा, एका घोटाने सगळे फायदे जातात हा, मला सर्वांत क्रूर वाटतो. आईच्या दुधातली प्रतिपिंडे पावडरमुळे रद्द होत नाहीत. निव्वळ स्तनपानाचे फायदे अधिक आहेत आणि पावडरने आतड्यातल्या जिवाणूंचे मिश्रण बदलते, हे मान्यच आहे. पण अंशतः स्तनपानाला मोल नाही हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. झोपेत अचानक होणाऱ्या अर्भकमृत्यूंवरील आठ अभ्यासांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये मांडलेल्या विश्लेषणात, किमान दोन महिने स्तनपान मिळालेल्या बाळांमध्ये हा धोका जवळजवळ निम्मा आढळला, आणि ते स्तनपान निव्वळ असण्याची अट नव्हती. मिश्र आहाराविषयीचा, म्हणजे आईच्या दुधाबरोबर इतर दूध किंवा अन्न देण्याविषयीचा, एक गंभीर इशारा खरा होता, तो एचआयव्हीबाधित मातांपुरता: दक्षिण आफ्रिकेतील डर्बनमधल्या १९९९ च्या अभ्यासात मिश्र आहार घेणाऱ्या बाळांना संसर्गाचा धोका निव्वळ स्तनपानापेक्षा अधिक दिसला होता. परंतु आई विषाणूविरोधी औषधे नियमित घेत असेल तर मिश्र आहार हे स्तनपान थांबवण्याचे कारण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१६ मध्ये स्पष्ट केले.

ज्यांची खरोखर काळजी घ्यायला हवी अशा गोष्टींबद्दल हा सल्ला मात्र गप्प असतो. पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर हा जिवाणू असू शकतो आणि दोन महिन्यांच्या आतल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तो जीवघेणा ठरू शकतो. म्हणून उकळलेले पाणी ७० अंश सेल्सियसपेक्षा थंड होण्याआधी त्यात पावडर घालावी, मग बाटली गार पाण्यात धरून दूध कोमट करावे आणि दोन तासांत न संपलेले टाकून द्यावे. मात्रा डब्यातल्याच चमच्याने, सपाट करून मोजावी; डबा पुरवण्यासाठी पाणी वाढवले तर बाळाच्या रक्तातले सोडियम उतरून झटके येऊ शकतात. दुसरे म्हणजे, स्तनपानामुळे गर्भधारणा टळण्याची भिस्त पहिल्या सहा महिन्यांत, पाळी आलेली नसताना आणि बाळ जवळजवळ पूर्णपणे अंगावर असतानाच ठेवता येते. नियमित बाटली सुरू झाली की दुसरे साधन हवे. तिसरे, थोडी पावडर मिळते म्हणून ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब परस्पर बंद करू नयेत, कारण दिवसाला सुमारे एक लिटर पावडरचे दूध घेणाऱ्या बाळालाच त्यातून पुरेसे मिळते.

राहता राहिले ‘एक काय ते ठरवा’. हे ठरवण्याची सक्ती शरीर करत नाही. वजन सावरले की वरच्या दुधाची मात्रा दर दोन-तीन दिवसांनी थोडी कमी करून, तराजूवर लक्ष ठेवून, बाळाला पुन्हा पूर्णपणे अंगावर आणता येते. काही आयांचे दूध तेवढे वाढत नाही आणि त्या महिनोन्‌महिने दोन्ही देत राहतात. बाळ पाजायलाही उठेनासे झाले, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा कावीळ वाढत गेली, तर कोणते दूध हा वाद बाजूला ठेवून त्याच दिवशी बाळाला डॉक्टरांना दाखवावे.