खडी धुवायची, पण पुरती नाही

फिशटँकची खडी किती दिवसांनी धुवायची यावर आमच्या घरात अजून एकमत नाही आणि होईल असं वाटतही नाही. आई म्हणते रोज. बायको म्हणते, अहो टँकच देऊन टाका कुणालातरी. आणि ज्याच्या हट्टापायी हे सगळं घरात आलं तो आमचा चिरंजीव म्हणतो "पप्पा तुम्हीच बघा की", आणि परत मोबाईलमध्ये.

आईचं तरी काय चुकलं म्हणा, दिवाळीला मांडणीवरचे डबे घासून झाले तरी त्यांचा वास घेऊन परत घासणारी बाई ती, तिला काचेतून खडीतला तपकिरी गाळ दिसतो आणि तिचा जीव वर-खाली व्हायला लागतो. "काढ की रे सगळं भायेर, पावडर लावून घासूया, बघ कसं लख्ख होतंय." मग मला, म्हणजे ज्याच्या टेबलावर बायकोला कायम पसारा दिसतो त्याला, घाणीची वकिली करत उभं राहावं लागतं.

माझी बाजू अशी, की मासे राहतात तिथेच सगळं उरकतात, उरलेलं खाद्य खडीत जाऊन कुजतं, त्यातून अमोनिया होतो आणि तो माशांना विष. खडीच्या दाण्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजात बॅक्टेरियांची वस्ती असते, त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच, पण दुसरे काही त्याचं नायट्रेट करतात आणि मग माशांना जरा श्वास घेता येतो. नवीन टँकमध्ये ही वस्ती बसायलाच महिना-दीड महिना लागतो. पावडर लावून घासलं की एका दुपारात सगळी साफ, टँक शोरूमसारखा चकाचक आणि चार दिवसांत मासे पोट वर करून. हे मी आईला एकदम कळकळीनं समजावून सांगितलं, तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे किडे पाळलास तू."

खरी गंमत म्हणजे धुवा धुवा म्हणणारी आणि घाण वाढवणारी व्यक्ती आमच्याकडे एकच आहे. गोल्डफिशला धड पोट नसतं, म्हणजे खाल्लेलं साठवून ठेवायची सोयच नाही, इकडून घेतलं की तिकडून थोड्या वेळात बाहेर. तरी आई येता-जाता चिमूट टाकतेच, का तर "तोंड उघडून बघतात रे बिचारे". ते श्वास घ्यायला तोंड उघडतात गं! दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच टाकायचं असतं, पण नातवाला दोन घासात उठू न देणाऱ्या बाईला हे कोण सांगणार.

शेवटी निकाल लावला खडेबाजारातल्या मासेवाल्या मामांनी. एका कानाला फोन, त्यावर कन्नडात भांडण, आणि मधूनच माझ्याशी मराठीत, "गोल्डफिश हाय न्हवं, मग आठ दिवसातनं एकदा पाइप घाल. पाव टाकी पाणी काढ. ह्या खेपेला अर्धी खडी, फुडच्या खेपेला अर्धी. सगळं एकदम धुतलास की गेलं बघ मासं." मासे बारके, थोडे आणि झाडं भरपूर असतील तर पंधरा दिवसांनी चालतं म्हणे, झाडांच्या मुळाशी मात्र पाइप खुपसायचा नाही.

आठ दिवस! बेळगावात बसून! इथं वार आपण ठरवत नाही, नळ ठरवतो. राकसकोप आणि हिडकल ही दोन्ही धरणं काठोकाठ भरली तरी आमच्या गल्लीत पाणी येतं ते त्याच्या मर्जीनं. आलं की आधी पिण्याची घागर, मग बॅरल, मग कपडे, मग मासे. त्यात नळाच्या पाण्यात क्लोरीन, ते आपल्या किड्यांच्याही मुळावर, म्हणून पाणी एक दिवस उघडं ठेवायचं नाहीतर अँटी-क्लोरीनचे थेंब टाकायचे. थेंबांची बाटली आईनं 'औषध' म्हणून वरच्या फळीवर कुठेतरी ठेवलीय, त्यामुळे एक दिवस थांबणं आलंच.

पण खरं सांगू, ते काम मला आवडतं. बादली टँकच्या खाली ठेवायची, पाइपचं रुंद तोंड खडीत खुपसायचं, पाणी सुरू झालं की खडे नळीत वर उडतात, आपसात गडगडतात, त्यातून पिवळसर धूर सुटल्यासारखा गाळ वर निघून जातो आणि खडे खळ्ळकन परत खाली. फार वर चढले तर पाइप बोटानं दाबायचा. मोठा मासा हे सगळं खाण्याचंच आहे समजून पाइपच्या मागं मागं. पाइप सुरू करायला तोंडानं ओढणारे शूर लोक असतात, मी पाइप आधी पाण्यात बुडवून भरून घेतो, मला त्या चवीचं कुतूहल नाही.

आणि आता वार चुकवायची सोयच उरली नाही. ते नायट्रेटवालं पाणी झाडांना खतासारखं, हे शेजारच्या काकूंना कुठून कळलं देव जाणे (आईकडूनच, दुसरं कोण). त्यांच्या गुलाबाला कळ्या धरल्यात. परवा सकाळी सातला बेल वाजली, दारात काकू, हातात रिकामी बादली, "काय रे, आज मासं धुणार न्हाईस व्हय? आणि ह्या खेपेला जरा गाळाचं दे, मागचं लई पातळ होतं."