कामगारांचे लाड आणि काजूचा तुकडा

सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या लहान उद्योजकांमध्ये एक मजकूर सध्या हातोहात पुढे पाठवला जातो आहे. त्याचा आशय असा: कामगारांच्या सोयीसुविधा मोठ्या कंपन्यांनाच परवडतात, इथला माणूस गणपती आणि शिमग्याला काम टाकून जातो, म्हणून तक्रार न करणारी बाहेरची माणसे आणावीत, आणि लाड केले की कामगार डोक्यावर बसतात. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका काजू कारखान्याचे हिशेब मी बरीच वर्षे लिहिले आहेत, आणि त्या वह्यांच्या आधारे मला यातले एकही विधान मान्य करता येत नाही.

प्रथम परवडण्याविषयी. काजूचा नफा अख्ख्या गरावर अवलंबून असतो. डब्ल्यू-320 प्रतीचे 300 ते 320 गर एका पौंडात बसतात आणि डब्ल्यू-240 प्रतीचे 220 ते 240. गर जितका मोठा, तितका भाव अधिक. हाच गर सोलताना फुटला की त्याची पाकळी किंवा तुकडा होतो आणि भाव उतरतो. बी फोडणाऱ्या बाईच्या बोटांची कातडी टरफलातल्या तेलाने भाजते, आणि सोलणारी बाई लहान सुरीच्या टोकाने तांबूस साल अशी अलगद उचलते की गराला ओरखडाही उठत नाही. हा हात तयार व्हायला महिने लागतात. एका वर्षी मालकांनी हातमोजे आणि दुपारचा चहा बंद केला, किलोमागचा दर वाढवून द्यायलाही नकार दिला, तेव्हा जुन्या बायकांपैकी निम्म्या दुसरीकडे गेल्या. नव्या हातांनी वजन तेवढेच भरले, पण संध्याकाळी तुकड्यांचे टोपले अख्ख्या गराच्या टोपल्याच्या आधी भरू लागले. वाचवलेला खर्च वहीच्या एका पानावर दिसत होता आणि घसरलेला भाव दुसऱ्या पानावर. दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहायला कोणालाही सवड झाली नाही.

माणसाला धंद्यात धरून चालणे ही मोठ्या कंपन्यांची रीत आहे, असे किनाऱ्यावरच्या माणसाने म्हणावे याचे मला वाईट वाटते. मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जाते तेव्हा दोर ओढणाऱ्याला मासळीत वाटा मिळतो, आणि ही पद्धत कोणत्याही कंपनीकडून आलेली नाही.

सुट्ट्यांच्या तक्रारीत थोडे तथ्य आहे. दिवाळीच्या मागणीचा माल तयार करण्याच्या सुमारास गणपती येतात आणि आठवडाभर कारखाना ओस पडतो. परंतु चतुर्थीची तारीख वर्षभर आधी कॅलेंडरवर छापलेली असते. तिच्यामुळे मागणी पुरी झाली नसेल तर ती आखणीची चूक आहे. दुकाने आणि हॉटेले यांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यातही सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्यांपैकी चार मालक आणि कामगारांनी आपसांत ठरवायच्या आहेत. म्हणजे आधी बसून बोलणे कायद्यालाही अपेक्षित आहे.

बाहेरची माणसे तक्रार करत नाहीत, हेही खरे नव्हे. हापूसच्या बागांमध्ये राखण आणि काढणीसाठी नेपाळी कामगार वर्षानुवर्षे येतात. ज्या बागेत राहायला कोरडी खोली आणि वेळेवर हिशेब मिळतो, तिथे ते पुन्हा येतात आणि बाकीच्या बागांकडे न बोलता पाठ फिरवतात. देठासकट आंबा उतरवायला शिकलेला माणूस असा गेला की पुढच्या हंगामात देठ तुटलेल्या, चिकाने डागळलेल्या फळांचा ढीग पडतो.

राहता राहिला डोक्यावर बसण्याचा मुद्दा. त्याच कारखान्यात पुढे हातमोजे परत आले, दर वाढला, आणि दर शनिवारी बायकांचे म्हणणे ऐकून घेण्याचा पायंडा मालकांनीच पाडला. एका शनिवारी प्रतवारीवरची एक वयस्क बाई ओंजळभर गर घेऊन आली आणि म्हणाली, "भाऊ, ह्या पोत्यातल्या गराक वास येता." बी नीट न वाळवता भरलेली निघाली. ती पोती त्याच दुपारी बाजूला काढली, म्हणून तो माल डब्यांत गेला नाही.