गंगावेशीत क्लॉपच्या गादीचा वाद

2024 च्या एप्रिलातल्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर सच्या आला तोच तोंड पाडून. अंगात लिव्हरपूलची लाल जर्सी, पाठीवर मराठीत ‘क्लॉप’. खेळाडूचं नाही, मॅनेजरचं नाव छापून घेणारा अख्ख्या कोल्हापुरात हा एकच असावा. बुधवारी एव्हर्टननं उरावर बसून मारलं, शनिवारी वेस्ट हॅमनं 2-2 केलं, वर क्लॉपशी खटका उडालेल्या सलाहची ती ‘बोललो तर आग लागेल’ची भाषा. हंगाम संपला की क्लॉप लिव्हरपूल सोडणार, मग त्याच्या गादीवर कोण, हा विषय त्यामुळं कुणी काढायची गरजच नव्हती.

"टकला आणालेत म्हणे," सच्या म्हणाला.

संजूदांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "मग?"

"तुम्हाला न्हाई ओ. त्या डच मॅनेजरला, स्लॉटला."

म्हशीखालचा पहिला ग्लास फेसासकट इरफानच्या हातात आला. ओठावर पांढरी मिशी घेऊनच तो बोलायला लागला. "हॉलंडच्या फेयनूर्दला त्यानं गेल्या साली लीग दिली, मागच्या रविवारी कप. त्याला सोडवायला नव्वद लाखांच्या आसपास युरो भरपाई. वाईट काय आहे?"

"झाबी अलोन्सो पायजे होता," सच्याचा आवाज कापत होता. "आपल्याकडनं खेळलेला, घरचा माणूस. इस्तंबूलच्या फायनलला त्याची पेनल्टी अडवली, तर रिबाउंडला आत घातला त्यानं! जर्मनीचं लेव्हरकुसेन शेवटून दुसरं असताना हातात घेतलं, आज चॅम्पियन, आणि अजून एक मॅच हरलेलं न्हाई."

"तो 29 मार्चलाच न्हाई म्हणाला," संजूदा म्हणाले. "पोरीकडनं नकार येऊन महिना झाला आणि तू अजून बँडवाल्याला ॲडव्हान्स देऊन बसलायस."

बंडा खदाखदा हसला. बंडा मँचेस्टर युनायटेडचा, म्हणजे सध्या दुसऱ्याच्या घरातलं भांडण हीच त्याची करमणूक. "मग अमोरीम घ्या की. तरणा आहे, पोर्तुगालच्या स्पोर्टिंगला लीग काढून दिली."

संजूदांनी रिकामे ग्लास ओढले. पेठेतल्या पोरांना फुटबॉल शिकवतानाही ते असंच करतात. बोर्ड, खडू वगैरे भानगड नाही. तीन ग्लास मागं मांडले.

"अमोरीम तीन डिफेंडर खेळवतोय, 3-4-3. बघ. व्हॅन डायक, कोनाटे, क्वान्सा. माटिपचा गुडघा डिसेंबरात गेला, करारही संपालाय. उरला गोमेझ. म्हणजे एक जायबंदी झाला की बाकावर कुणी न्हाई. आता मधे या." त्यांनी दोनच ग्लास ठेवले. "ह्या रचनेत मधले दोन. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही मॅक ॲलिस्टर, सोबोस्लाई, एंडो, ग्राव्हेनबर्ख असे चार घेतलेत. जोन्स आणि एलियट घरात हायतच. सहा जणांना दोन खुर्च्या. आणि ट्रेंट? त्याला फुलबॅकवरनं आत मिडफिल्डात यायला शिकवलंय वर्षभर. त्याला परत लाइनीवर पळवणार काय? मॅनेजर एक आणायचा आणि त्याच्यासाठी टीम दुसरी घ्यायची, असला धंदा आहे हा."

"ऐन हंगामात वेस्ट हॅमला भेटायला लंडनला गेलेलं बेणं ते," इरफाननं जोड दिली.

मग संजूदांनी मागचा चौथा ग्लास लावला. "स्लॉट मागं चारच ठेवतोय. प्रेस वरनंच करतोय, म्हणजे बॉल गेला की तिथंच अंगावर जायचं, क्लॉपसारखं. फरक कुठं? बॉल मिळाला की क्लॉपची पोरं सुसाट सुटत्यात. ह्याचे दोघं मिडफिल्डर खाली येऊन डिफेंडरच्या पुढ्यात बॉल मागत्यात, समोरच्याला अंगावर घेत्यात, आणि मग मधनं पास. घर तेच, फक्त फर्निचर हलवायचं. जुलैपर्यंत युरो कप आणि कोपा अमेरिका चालणार. निम्मी टीम सरावाला ऑगस्टच्या तोंडावर येणार. नवीन रचना शिकवायला दिवस कुठायत?"

सच्याला हे पटत होतं, म्हणूनच तो जास्त चिडला. "डच. टकला. तिकडच्या लीगमधनं आलेला. बंडाच्या घरात असला एक आहे की, टेन हाग! कॉव्हेंट्रीवर 3-0 वरनं पेनल्टीला गेलेला!"

"जिंकलो न्हवं शेवटी?" बंडा उखडला.

"जिंकून चिडवायला कान कुणापुढं धरलासा, सेकंड डिव्हिजनवाल्यांपुढं?"

इथून पाच मिनिटं नुसता गोंधळ. त्यात 2013 च्या मिसळीची पैज निघाली. युनायटेडला फर्ग्युसनच्या जागी आलेला मोयेस पहिल्याच वर्षी लीग घेणार, नाही घेतली तर सगळ्यांना मिसळ, असं बंडा बोलून गेला होता. अकरा वर्षं झाली, कट अजून यायचाय.

"त्यो मोयेसचा दोष न्हवता," बंडा म्हणाला, आणि पहिल्यांदाच संजूदांनी त्याची बाजू घेतली.

"सगळा न्हवताच. फर्ग्युसन गेला त्याच उन्हाळ्यात डेव्हिड गिलही गेला. खेळाडूंचा बाजार करणारा माणूसच घरात उरला न्हाई. वर मोयेसनं जुने कोच फेलन, म्युलेनस्टीन, गोलकीपरवाला स्टील, तिघांनाही घरी घालवलं. म्हणजे म्हातारा गेला, मुनीम गेला, आणि नव्या मालकानं पहिल्या दिवशी जुने कामगार काढले. गिऱ्हाइकाची उधारी कुणाला ठावं?"

"फेलायनी सांगा की," इरफान.

"तो तर कहरच. एव्हर्टनबरोबरच्या करारात 2 कोटी 35 लाख पौंडांना सोडायचं कलम होतं, 31 जुलैपर्यंत. हे बसले बघत. सप्टेंबर उजाडल्यावर, बाजार बंद व्हायच्या रात्री तोच माणूस 2 कोटी 75 लाखाला आणला. आणि मोयेस एव्हर्टनमधनंच आलेला. त्याला कलम पाठ असणार की!"

"फुलहॅम," इरफाननं पुढची काडी टाकली.

"81 क्रॉस!" बंडाच ओरडला; जखम त्याची. "तळातल्या टीमवर एका मॅचमधी 81 वेळा कडेनं बॉल आत टाकला, आणि शेवटच्या मिनटाला 2-2. त्यांच्या बाकावर कोण? म्युलेनस्टीन!"

ज्याला काढलं त्यानंच बरोबरीत रोखलं. दूधवालाही हसला, बहुधा नुसत्या बंडाच्या तोंडाकडं बघून.

"पण आमचेही चाललेत," सच्याचा आवाज आता खाली आला होता. "क्लॉपच्या हाताखालचे कोच, लेइंडर्स चाललाय, क्राविट्झ चाललाय."

"तीच भीती मला. क्लॉपची न्हाई," संजूदा म्हणाले. "पण तुमचा बाजारवाला एडवर्ड्स मार्चात परत आलाय, हाताखाली बोर्नमथचा ह्यूज येतोय. मुनीम आधी, मालक मागनं. हे युनायटेडला सुचलं न्हाई. त्यांनी पहिलं काय करायचं, तर सलाह, व्हॅन डायक, ट्रेंट, तिघांचे करार पुढच्या वर्षी जूनला संपत्यात, ते बघायचं. पोरं फुकट गेली तर पाठीवर कुणाचं का नाव असंना."

कोपऱ्यावरून प्रचाराची रिक्षा आली. भोंगा जाईपर्यंत सगळे गप्प.

"ह्यांचं बरं असतंय," संजूदा म्हणाले. "वारसदार शोधायला लागत न्हाई, घरात पाळण्यातच असतोय."

"तेच म्हणतोय मी! घरचा माणूस! जेरार्ड!" सच्या परत पेटला.

"ॲस्टन व्हिलानं 22 साली घालवला त्याला, सध्या सौदीत आहे. घरचा म्हणायचं तर पेस्ली म्हण. तुमच्या जुन्या मॅनेजरच्या, शँक्लीच्या हाताखाली पंधरा वर्षं पडेल ते काम केलं, 74 ला नको नको म्हणत खुर्चीत बसला. पहिल्या वर्षी लीग न्हाई. शँक्ली सरावाला येऊन उभा राहायचा आणि पोरं त्यालाच बॉस म्हणायची. तरी नऊ वर्षांत सहा लीग, तीन युरोपियन कप. लीड्सनं त्याच उन्हाळ्यात क्लफला आणला. आल्या आल्या पोरांना म्हणाला, तुमची मेडल्स टाका कचऱ्यात. 44 दिवसांत तोच बाहेर."

"म्हणजे स्लॉटनं काय करायचं?"

"क्लॉपचं नाव घेऊन कामाला लागायचं, आणि पहिला महिना कशाला हात लावायचा न्हाई."

सच्या थोडा वेळ रिकाम्या ग्लासांच्या चार डिफेंडरांकडं बघत बसला. दूधवाल्यानं त्यातला व्हॅन डायक उचलून विसळायला नेला.

"पण जर्सीचं काय?" सच्या म्हणाला. "साडेतीनशे दिल्यात छपाईला."

इरफाननं त्याला खांद्याला धरून फिरवलं आणि पाठ निरखली. "सगळी कशाला बदलतोस? क्लॉप. स्लॉट. मधला ‘लॉ’ तसाच ऱ्हाऊ दे. पुढचा क आणि मागचा प खरवडून काढ. शंभरात काम होतंय."

संजूदा इतके हसले की त्यांना ठसका लागला. बंडा पाठ थोपटायला उठला, तसं दूधवाल्यानं त्याच्यापुढं हात केला. सहा ग्लासांचे पैसे.

"मिसळीत वळते करून घे," म्हणत बाकीचे तिघं चालायला लागले.